नळीतली आग : उरणच्या खाऱ्या वाऱ्यात एक्झॉस्टच्या उष्णतेचा इतिहास

१/
१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणची वाट मुंबईकर मोटारींना जवळची झाली. या पुलावरून धावणाऱ्या अनेक गाड्यांच्या बॉनेटखाली आज टर्बो असतो. पेट्रोलच्या टर्बो इंजिनात टर्बाइनवर आदळणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असू शकतो. त्याच्यापासून वीतभर अंतरावर रबरी नळ्या, प्लॅस्टिकचे भाग, वायरी आणि इंधनवाहिनी असतात. ही आग नळीच्या आत कोंडून कशी ठेवायची, या प्रश्नाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. नळी झाकणाऱ्या माणसांनी त्याची मोठी किंमतही मोजली आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
उरणला उष्णतेचा व्यवहार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात, हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असताना, उरणची ओळख दोन धंद्यांनी होती : मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. मिठागरात सूर्याची उष्णता मोकळ्या आभाळाखाली पसरून वापरली जाते. तिला अडवायचे काहीच कारण नसते. भट्टीचे गणित उलटे. तेथे आच भांड्याखालीच राहिली पाहिजे आणि वाफ सांध्यातून निसटता कामा नये. घरोघरच्या चुलीवरही हेच शहाणपण होते. भांडे चुलीवर चढविण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून माती किंवा राखेचा लेप देत. भांडे काळवंडत नसे आणि ज्वाळेचा थेट मारा धातूवर होत नसे. धातू आणि आग यांच्या मध्ये तिसरा पदार्थ घालावा, ही कल्पना अशी फार जुनी आहे.

३/
यंत्रयुगात ही कल्पना नेमक्या शब्दांत मांडली ती जेम्स वॉटने. १७६९ च्या आपल्या पेटंटमध्ये त्याने सांगितले की, वाफेचे सिलिंडर वाफेइतकेच तप्त राहिले पाहिजे आणि त्यासाठी ते लाकडाच्या किंवा उष्णता मंद गतीने वाहून नेणाऱ्या इतर पदार्थाच्या वेष्टनात बंदिस्त करावे. जुन्या इंजिनात सिलिंडर प्रत्येक फेरीला थंड होई आणि ते पुन्हा तापविण्यात कोळसा वाया जाई. वॉटचे वेष्टन कारागिरांच्या सोयीसाठी नव्हते, कोळशाच्या बचतीसाठी होते. पुढच्या सगळ्या इतिहासाची दिशा येथेच ठरली. नळीच्या आत राहिलेली उष्णता ही मिळकत असते; तीच बाहेर पडली की तिचे नुकसान होते, आणि कधी कधी संकटही.

४/
मुंबईच्या बंदरात हे तंत्र लवकर आले. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. बंदराचे तोंड ओलांडताना तिच्या डाव्या हाताला उरण-करंजाचा किनारा आणि द्रोणागिरीचा डोंगर होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. त्या काळातील बॉयलरभोवती लाकडी पट्ट्या आणि लोकरीचा नमदा बसवून वर पत्रा चढविण्याची पद्धत होती. वाफेचे तापमान जोवर मर्यादित होते, तोवर हे भागले. दाब वाढला, तापमान वाढले, तसे लाकूड करपू लागले आणि नमदा जळू लागला. न जळणारे वेष्टन शोधणे भाग पडले.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे वेष्टन सापडले : ॲस्बेस्टॉस. हा दगडच, पण त्याचे धागे निघतात. धाग्यांची दोरी वळता येते, कापड विणता येते, मॅग्नेशियात कालवून त्याचा गिलावा करता येतो. तो जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त आहे. पुढची पाऊणशे वर्षे जगातील जहाजे, आगगाड्या, साखर कारखाने, वीजगृहे आणि पुढे डिझेलच्या लाँचेस यांच्या तप्त नळ्यांवर हीच दोरी गुंडाळली गेली. इंजिनखोलीतील पांढरी, जाडसर नळी हे दृश्य बोटीवर काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचे असे. दोरी जीर्ण झाली की ती हातांनी ओरबाडून काढीत, झटकीत आणि नवी बांधीत. झटकताना उडणाऱ्या धुळीकडे कोणी पाहत नसे.

६/
ती धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथेच राहते. १९२४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणीतील कामगार स्त्री वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या मृत्यूची वैद्यकीय नोंद हा या आजाराच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा ठरला. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनने गिरण्यांसाठी नियम केले. ते नियम प्रामुख्याने गिरणीतील कामगारांसाठी होते. जहाजात, वीजगृहात, बांधकामावर नळ्या गुंडाळणारा माणूस त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

७/
त्या माणसाकडे लक्ष वेधले ते १९६४ साली. न्यूयॉर्कचे डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी निवडले होते ते नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टन चढविणारे ६३२ कामगार. फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू त्यांच्यात अपेक्षेहून कितीतरी अधिक आढळले. त्याआधी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग आणि ॲस्बेस्टॉस यांचा संबंध दाखविला होता. या आजारांचे क्रौर्य त्यांच्या सावकाशीत आहे. धूळ आत गेल्यापासून रोग उघड होईपर्यंत वीस ते चाळीस वर्षे लोटतात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो आणि हजेरीपुस्तक कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नसते.

८/
भारतात ॲस्बेस्टॉसिस हा आजार १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात होता. म्हणजे कायद्याने तो कळविणे बंधनकारक होते. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या संदर्भात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले आणि वैद्यकीय नोंदी चाळीस वर्षांपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस हा आकडा रोगाच्या सावकाश चालीवरूनच आला. जहाजांबाबत आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००२ पासून कडक झाले आणि १ जानेवारी २०११ पासून जहाजांवर नवा ॲस्बेस्टॉस बसविण्यास पूर्ण बंदी आली. भारतात मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर आजही सर्वस्वी थांबलेला नाही.

९/
इकडे वेष्टनाची ही कहाणी चालू असताना इंजिनही बदलत होते. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने एक पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत पुष्कळ ऊर्जा असते. तिच्यावर छोटे टर्बाइन फिरवावे, त्याच दांड्यावर कॉम्प्रेसर बसवावा आणि इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही ती कल्पना. आजचा टर्बो तो हाच. ढोबळ हिशेबाने इंधनातील ऊर्जेचा एक-तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून जातो, जवळपास तेवढाच रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगावाटे निघून जातो आणि उरलेल्यावर गाडी चालते. ब्यूखीने त्या वाया जाणाऱ्या वाट्याला हात घातला होता.

१०/
कल्पना चांगली, पण धातू तयार नव्हता. तप्त वायूत टिकेल असे टर्बाइन बनविण्यात वीस वर्षे गेली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच पर्वतावर नेऊन विरळ हवेत टर्बोची चाचणी घेतली. १९२६ च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांवर ब्यूखीच्या पद्धतीने डिझेल इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. टर्बोचा पहिला संसार असा समुद्रावर आणि आकाशात थाटला गेला. दोन्हीकडे वाहती हवा आणि मोकळी जागा होती. मोटारीच्या बॉनेटखाली दोन्ही नव्हती.

११/
नळी गुंडाळण्याऐवजी तिच्या अंगालाच लेप द्यावा, हा विचार दुसऱ्या महायुद्धात बळावला. क्रोमियम आणि निकेल यांची टंचाई होती आणि विमानांच्या एक्झॉस्टसाठी लागणारे पोलाद या दोन्हींवाचून बनत नव्हते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत साध्या पोलादावर चिनी मातीसारखा, काचेच्या जातीचा लेप भाजून चढविण्याचे प्रयोग झाले. गरज होती धातू ऑक्सिजनपासून वाचविण्याची. उष्णता अडणे हा आनुषंगिक लाभ. युद्धानंतर जॅग्वारसारख्या गाड्यांच्या मॅनिफोल्डवर असा चमकदार इनॅमल दिसू लागला. पण गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांत तो तडकत असे, कारण काच आणि लोखंड सारख्या मापाने प्रसरण पावत नाहीत.

१२/
लेप का टिकतो आणि का सुटतो, हे समजायला कल्हईवाला पुरेसा आहे. तो पितळेचे भांडे आधी घासून उजळ करतो, तापवितो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवितो. भांड्यावर तेलकटपणा किंवा काळपटपणा राहिला तर कथील धरत नाही. कल्हई आंबटापासून बचाव करते, उष्णतेपासून नव्हे. पण धडा तोच आहे. लेपाचे आयुष्य लेप देण्यापूर्वीच्या सफाईवर ठरते. एक्झॉस्टच्या कोटिंगमध्ये नवसागराची जागा दाबाने मारलेल्या खरखरीत कणांच्या फवाऱ्याने घेतली. त्याने गंज निघतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि लेपाला पकड मिळते. या फवाऱ्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

१३/
लेप चढविण्याचे आधुनिक साधन दिले ते आणखी एका स्विस माणसाने. झुरिकच्या मॅक्स उलरिख शूपने विसाव्या शतकाच्या आरंभी वितळलेल्या धातूचा फवारा मारण्याची पद्धत शोधली. पुढे ज्वालेच्या जागी प्लाझ्मा आला आणि ज्याचा वितळणबिंदू २,७०० अंशांच्या आसपास आहे, असा झिर्कोनियाही फवारता येऊ लागला. १९६० च्या दशकात ‘एक्स-१५’ या अमेरिकी विमानाच्या रॉकेट इंजिनात आतून झिर्कोनियाचा लेप होता. १९७६ मध्ये नासाच्या लुईस केंद्रात स्टीफन स्टेक्युरा आणि कर्ट लीबर्ट यांनी विकसित केलेला लेप जेट इंजिनाच्या टर्बाइन पात्यांवर तपासण्यात आला आणि तो टिकला.

१४/
त्या लेपाचे दोन थर होते. धातूलगतचा थर निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि यिट्रियम यांचा. त्याचे काम धरून ठेवण्याचे. वरचा थर यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा. त्याचे काम उष्णता अडविण्याचे. निव्वळ झिर्कोनिया थंड होताना सुमारे १,१७० अंशांखाली आपली स्फटिकरचना बदलतो, आकाराने फुगतो आणि चिरफाळतो. वजनाने सहा ते आठ टक्के यिट्रिया घातल्यास हा बदल रोखला जातो. इनॅमलला जे जमले नाही ते येथे जमले : धातूच्या जवळपास मापाने प्रसरण पावणारी आणि तरीही उष्णतेला नाखूष अशी माती. गॅस टर्बाइनसाठी बनलेले हे औषध पुढे मोटारींच्या शर्यतींत आणि तेथून सामान्य कारखान्यांत उतरले.

१५/
मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर यांतून. जेटफायरमध्ये अवेळी स्फोट टाळण्यासाठी पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण फवारावे लागे. मालक ते भरायला विसरत. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आली, १९७८ मध्ये मर्सिडीझची टर्बो डिझेल. महाराष्ट्रात हा प्रवास ट्रकपासून सुरू झाला. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली. १९९८ ची टाटा सफारी आणि नाशिकमध्ये घडलेली २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ यांनी ‘टर्बो’ हा शब्द घरोघरी नेला. चाकणच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयने २०१३ मध्ये आणि टाटा झेस्टने २०१४ मध्ये तो पेट्रोलच्या छोट्या इंजिनात आणला.

१६/
याच काळात कायद्यानेही आग जवळ ओढली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो अडीचशे-तीनशे अंशांखाली नीट काम करीत नाही. म्हणून त्याला इंजिनाच्या जितके जवळ ठेवता येईल तितके ठेवले जाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि अनेक डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर आला, जो साफ होताना ६०० अंशांच्या घरात तापतो. परिणामी हवा शहराची स्वच्छ झाली, पण बॉनेटखालची जागा भट्टीसारखी दाटली. लेपाची गरज ही हौशी वेगवेड्यांपुरती राहिली नाही.

१७/
तप्त नळी उष्णता तीन वाटांनी देते : स्पर्शाने, वाहत्या हवेने आणि किरणांनी. लाल होऊ लागलेल्या लोखंडात तिसरी वाट मुख्य ठरते. जोसेफ स्टेफानने १८७९ मध्ये दाखवून दिले की, किरणांनी जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून नळीचा बाह्य पृष्ठभाग ६०० अंशांवरून ४०० अंशांवर आला, तर तापमान एक-तृतीयांशाने घटल्यासारखे दिसते. पण तिने बाहेर टाकलेले किरण जवळजवळ एक-तृतीयांशावरच येतात. पृष्ठभागाचा स्वभावही मोजला जातो. गंजलेले लोखंड फार सढळ हाताने किरण टाकते, चकचकीत धातू हात आखडता घेतो. ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले पातळ कोटिंग मुख्यतः याच गुणावर चालते. झिर्कोनियाचा जाड थर उष्णतेचे वहनच रोखतो. बाजारात दोघांनाही ‘सिरॅमिक’ म्हणतात. काम मात्र वेगळे.

१८/
लाभ कोणता? पहिला, इंजिनात जाणारी हवा. तीस अंशांऐवजी साठ अंशांची हवा आत गेली तर ती सुमारे नऊ टक्के विरळ असते; इंटरकूलरचा भार तितका वाढतो. दुसरा, टर्बो : वायू तप्त राहिला की टर्बाइनला त्यातून अधिक ऊर्जा काढता येते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, आग. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २२० अंशांहून तापणारा आणि इंधन उडण्याची शक्यता असलेला प्रत्येक पृष्ठभाग झाकलाच पाहिजे. मे १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या न्हावा शेवा बंदरात लागणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीला हे बंधन आहे. बंदराबाहेर रांगेत उभ्या ट्रेलरच्या इंजिनातही तेच पदार्थ आणि तीच तापमाने असतात.

१९/
उरणसारख्या ठिकाणी वेष्टन आणि लेप यांतला फरक अधिक उघड होतो. ॲस्बेस्टॉसच्या जागी आज काचधाग्याच्या किंवा बेसाल्टच्या पट्ट्या मिळतात. त्या स्वस्त आहेत, हाताने गुंडाळता येतात आणि उष्णता चांगली अडवितात. पण कापड ते कापडच. गाडी रात्री उभी राहिली की किनाऱ्याची दमट, खारी हवा धाग्यांत मुरते; सकाळी नळी तापते, पाणी उडते, मीठ मागे राहते. हे रोज घडते. पट्टीखाली नळी कुजत असते आणि पट्टीमुळेच ती दिसत नाही. लेप धातूला चिकटून असल्याने त्याखाली ओल साठायला जागा नाही. मात्र एखादा टवका उडाला, तर मीठ नेमके तेथूनच शिरते. मिठागरांच्या गावात नळीचे आयुष्य शेवटी तपासणीवरच अवलंबून असते.

२०/
लेपाच्या मर्यादेचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कमिन्स कंपनी आणि अमेरिकी लष्कर यांनी ‘ॲडियाबॅटिक’ इंजिनाचा ध्यास घेतला. पिस्टन, सिलिंडर, झडपा असे सारेच सिरॅमिकने झाकायचे आणि रेडिएटर काढून टाकायचा. रॉय कामो आणि वॉल्टर ब्रिझिक ही या प्रकल्पातील प्रमुख नावे. रेडिएटरविना लष्करी ट्रक चालविलाही गेला. पण सिलिंडरच्या भिंतीतून वाचविलेल्या उष्णतेपैकी थोडीच पिस्टनच्या कामी आली. बहुतेक एक्झॉस्टमधून निघून गेली. ती पकडायला पुढे आणखी टर्बाइन लागे. उष्णता लेपाने नाहीशी होत नाही. ती फक्त पुढच्या मुक्कामाला पाठविली जाते.

२१/
मोटारीतही हेच घडते. नळी बाहेरून थंड झाली याचा अर्थ आतला धातू अधिक तापला. कमजोर ओतकामाचा मॅनिफोल्ड अशाने लवकर तडकू शकतो. टर्बोच्या बेअरिंगला अधिक आच लागते. म्हणूनच दमवून आणलेले टर्बो इंजिन तात्काळ बंद करू नये, मिनिटभर मंद चालू द्यावे, ही जुन्या चालकांची शिकवण आहे. तसे न केल्यास बेअरिंगमधले तेल जागीच करपून कोळसा होते. लेपाला साथ लागते ती पत्र्याच्या कवचाची, हवेला वाट देण्याची आणि चांगल्या तेलाची. केवळ लेपावर भिस्त ठेवणाऱ्याने उष्णतेला दार बंद केले, पण ती कोणत्या खोलीत गेली हे पाहिले नाही.

२२/
ती कोणत्या खोलीत न्यावी, याचे उत्तम उत्तर उरण तालुक्यातच उभे आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने बॉम्बे हायचे तेल शोधले. समुद्रातून येणारा वायू उरणला उतरू लागला. त्या वायूवर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने बोकडविरा येथे गॅस टर्बाइनचे वीजगृह उभारले. पहिले संच १९८२ मध्ये सुरू झाले. गॅस टर्बाइन म्हणजे ब्यूखीच्या टर्बोचे महाकाय भावंड : एका दांड्यावर कॉम्प्रेसर आणि टर्बाइन, मधे आग. त्याच्या एक्झॉस्टचा वायू ५०० अंशांच्या आसपास तप्त असतो. सुरुवातीला तो आकाशात जाई.

२३/
१९९० च्या दशकात त्या एक्झॉस्टवर ‘वेस्ट हीट रिकव्हरी’ संच बसले. तप्त वायू बॉयलरमधून फिरवायचा, पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर दुसरे टर्बाइन चालवायचे. १०८ मेगावॉटचे चार गॅस संच आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन संच, अशी ही ६७२ मेगावॉटची मांडणी. त्यातील २४० मेगावॉट जादा इंधनाशिवाय. मात्र ते शक्य होते ते टर्बाइनपासून बॉयलरपर्यंतचा प्रत्येक मार्ग नीट झाकलेला असला तरच; वाटेत गळालेला प्रत्येक अंश म्हणजे न बनलेली वाफ. वॉटने १७६९ मध्ये लाकडी वेष्टनाविषयी जे सांगितले, त्याचा हा सर्वांत मोठा स्थानिक पुरावा. मोटारीचा टर्बो छोट्या प्रमाणावर हेच करतो आणि त्याच्या नळीवरचा लेप त्याला मदत करतो.

२४/
आता तो फवारा. लेपापूर्वी नळी घासण्यासाठी ॲल्युमिनाचे कण वापरता येतात. पण वाळू स्वस्त असते. वाळू धातूवर आपटून फुटते, तिची सूक्ष्म सिलिका धूळ होते आणि ती श्वासावाटे जाऊन सिलिकोसिस होतो. ब्रिटनने ओतकामे घासण्यासाठी वाळूचा फवारा १९४९ च्या नियमांनीच बंद केला. भारतातही सिलिकोसिस ॲस्बेस्टॉसिसप्रमाणेच कळविण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. उष्णतेसाठी वापरले जाणारे काही सिरॅमिक धागे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात मोडतात. बंद पेटी, शोषक पंखा, योग्य कण आणि चेहऱ्यावर खरा श्वसनरक्षक असला, तर हे काम सुरक्षित करता येते. नाकावर बांधलेला रुमाल म्हणजे श्वसनरक्षक नव्हे.

२५/
लाकूड, नमदा, ॲस्बेस्टॉस, इनॅमल, झिर्कोनिया. अडीचशे वर्षांत पदार्थ बदलले, प्रश्न एकच राहिला. प्रत्येक नव्या पदार्थाने यंत्राचा त्रास कमी केला आणि प्रत्येकाच्या मागे तो चढविणारा एक माणूस होता. ॲस्बेस्टॉसच्या वेळी अहवाल १९३० मध्ये हाती होता, तरी नळ्या गुंडाळणाऱ्यांची गणती व्हायला १९६४ उजाडले. या मधल्या चौतीस वर्षांत नळ्या उत्तम झाकल्या गेल्या होत्या. आज कोटिंग करून घेणाऱ्याने लेप किती अंश उष्णता अडवितो हे अवश्य विचारावे. नळी घासली कोठे, कशाने आणि घासणाऱ्याच्या तोंडावर काय होते, हा प्रश्नही त्याच दमात विचारण्याइतका इतिहास आता आपल्या हाती आहे.